लायन्सचा दौरा बुधवारी ठरतो

प्रश्न असा होता: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार देश दरवर्षी एकमेकांविरुद्ध रग्बी खेळतात, मग चार वर्षांतून एकदा त्यांचे खेळाडू ‘ब्रिटिश अँड आयरिश लायन्स’ म्हणून एका लाल जर्सीत परदेश दौऱ्यावर जातात ते कसं काय? तो खरोखर संघ असतो, की जाहिरातदारांसाठी जमवलेले तारे? आणि आजवरचा सगळ्यांत चांगला दौरा कोणता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: १९७१, न्यूझीलंड. बरेच जण १९७४ म्हणतील, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. तरी मी १९७१ वर ठाम आहे.

पहिल्या दोन प्रश्नांना मात्र वेळ लागेल. मी बरीच वर्षं रग्बीचं प्रशिक्षण करतो आहे. वेगवेगळ्या क्लबांतली, जिल्ह्यांतली, लष्करातली पोरं एका शिबिरात आणून त्यांचा राज्य संघ बनवायचं काम केलं आहे. अशा जमवलेल्या संघात पहिले पंधरा निवडणं हे सगळ्यांत सोपं काम असतं. अवघड असतो तो सोळाव्यापासून तिसाव्यापर्यंतचा माणूस. तो रोज सराव करतो, रोज मार खातो आणि शनिवारी बाकावर बसतो. तो रुसला की शिबिर दोन आठवड्यांत सडतं. लायन्सचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास मी याच माणसाच्या बाजूने वाचतो. दौऱ्यावर यजमान देशाविरुद्धच्या कसोट्या शनिवारी होतात आणि मधल्या वारी, मंगळवारी नाहीतर बुधवारी, स्थानिक संघांशी सामने होतात. माझं म्हणणं एवढंच की लायन्सची मालिका बहुतेक वेळा त्या मधल्या वारच्या संघाने जिंकून दिली किंवा घालवली.

सुरुवात १८८८ ची आणि ती अगदी व्यापारी. आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूसबरी हे दोघे क्रिकेटपटू. १८८७-८८ च्या हंगामात ऑस्ट्रेलियात एकाच वेळी दोन इंग्लिश क्रिकेट संघ फिरत होते, प्रेक्षक विभागले गेले आणि पैसे बुडाले. ते भरून काढायला या मंडळींनी रग्बीचा संघ बोलावला. इंग्लंडच्या रग्बी युनियनने त्याला मान्यता दिली नाही. संघ मार्चमध्ये बोटीत बसला तो नोव्हेंबरमध्ये परतला. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मिळून रग्बीचे ३५ सामने झाले, त्यांतले २७ जिंकले आणि फक्त दोन हरले. शिवाय गल्ला भरायला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचेही १९ सामने खेळले, तेही नियम तिथेच शिकून. कर्णधार रॉबर्ट सेडन ऑगस्टमध्ये हंटर नदीत नाव वल्हवताना बुडून गेला. त्याच्या जागी आला अँड्र्यू स्टॉडार्ट, जो पुढे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचाही कर्णधार झाला. रणजितसिंहजी १८९७-९८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले ते याच स्टॉडार्टच्या हाताखाली. जाता जाता, त्याच १८८८ च्या उन्हाळ्यात मुंबईचा पारशी क्रिकेट संघ उलट दिशेने, इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. बोटी भरून खेळाडू नेण्याचा तो काळच होता.

१८९१ चा दक्षिण आफ्रिका दौरा केप वसाहतीचे पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स यांच्या हमीवर झाला. बिल मॅक्लेगनच्या संघाने सगळे सामने जिंकले आणि संपूर्ण दौऱ्यात एकच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) होऊ दिली. बोट कंपनीचे मालक सर डोनाल्ड करी यांनी सोबत एक सोन्याचा कप दिला होता: जो स्थानिक संघ पाहुण्यांपुढे सगळ्यांत चांगला खेळेल त्याला द्या. तो ग्रिक्वालँड वेस्टला मिळाला, आणि त्यातूनच दक्षिण आफ्रिकेची करी कप स्पर्धा उभी राहिली. हरायला आलेले यजमान किती लवकर शिकले पाहा: १९०३ मध्ये त्यांनी मालिका जिंकली, आणि मग १९७४ पर्यंत पाहुण्यांना तिथे एकही मालिका जिंकता आली नाही.

मधला काळ भराभर सांगतो. १९१० मध्ये प्रथमच चारही युनियननी मिळून अधिकृत संघ निवडला. ‘लायन्स’ हे नाव १९२४ च्या दौऱ्यात टायवरच्या सिंहांमुळे पडलं. १९३० मध्ये जर्सी निळी होती, त्यामुळे न्यूझीलंडला आपली काळी सोडून पांढरी घालावी लागली. लाल जर्सी आली १९५० मध्ये. पांढरी चड्डी, निळे मोजे आणि मोज्यांच्या दुमडीवर आयर्लंडचा हिरवा, अशा त्या पोशाखात चारही देश बसवले आहेत. बोटीने गेलेला शेवटचा संघही १९५० चाच, आणि परतीच्या वाटेवर तो कोलंबोत सिलोनविरुद्ध एक सामना खेळला.

बोटीचा प्रवास कंटाळवाणा असे, पण माझ्या मते संयुक्त संघासाठी त्याच्यासारखं शिबिर नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंड दरवर्षी कलकत्ता कपासाठी भिडतात. हा कप कलकत्त्याच्या क्लबने बंद होताना खात्यातले चांदीचे रुपये वितळवून बनवून दिला होता. मैदानावर एकमेकांची कॉलर धरणारे हे लोक महिनाभर एका केबिनमध्ये झोपले की भांडण आपोआप विरतं. विमान आलं आणि तो महिना गेला. विमानाने गेलेला पहिला संघ १९५५ चा, दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर नव्वद हजारांहून अधिक लोकांसमोर पहिली कसोटी त्यांनी २३-२२ अशी जिंकली, तीही एक माणूस जखमी होऊन बाहेर गेल्यावर चौदा जणांनिशी, कारण तेव्हा बदली खेळाडूच नसे. मालिका २-२ सुटली. १९५९ मध्ये ड्युनेडिनला लायन्सने चार ट्राय केल्या, न्यूझीलंडने एकही नाही, आणि सामना न्यूझीलंडने १८-१७ असा घेतला. डॉन क्लार्कच्या सहा पेनल्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या किक. तेव्हा ट्रायलाही तीनच गुण होते आणि पेनल्टीलाही. त्या हिशेबाचा राग वेल्समध्ये अजून काढला जातो.

आता १९७१. प्रशिक्षक कार्विन जेम्स हा वेल्श भाषेचा अध्यापक, वेल्सवादी पक्षाचा निवडणूक लढवलेला उमेदवार, अतिशय मवाळ बोलणारा माणूस. आपल्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक तो कधीच झाला नाही. १९६६ मध्ये न्यूझीलंडमध्ये लायन्स चारही कसोट्या हरले होते, त्यामुळे कुणाला आशा नव्हती. वाटेत ब्रिस्बेनला क्वीन्सलँडकडून पहिलाच सामना हरले, तेव्हा तर लोक हसलेच. न्यूझीलंडमध्ये मात्र स्थानिक संघांविरुद्धचा एकही सामना ते हरले नाहीत.

पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरीशी सामना झाला. सामना कसला, मारामारीच. लायन्स १४-३ जिंकले, पण दोन्ही पहिल्या पसंतीचे प्रॉप गेले: सँडी कारमायकेलच्या गालाचं हाड मोडलं, रे मॅक्लॉक्लिनचा अंगठा. दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे खेळाडू, चेंडूसाठी डोकी खाली घालून भिडतात तो स्क्रम; त्याच्या पुढच्या रांगेत दोन्ही टोकांना उभे राहणारे हे प्रॉप म्हणजे सगळ्या डोलाऱ्याचे खांब. कुठल्याही साध्या संघाचा दौरा तिथेच संपला असता. त्यांच्या जागी आले स्कॉटलंडचा इयन मॅक्लॉक्लन आणि आयर्लंडचा शॉन लिंच. पहिल्या कसोटीत लायन्सची एकुलती ट्राय कुणी केली? मॅक्लॉक्लनने, प्रतिस्पर्ध्याची किक अंगावर झेलून. ९-३.

त्याच सामन्यात लायन्सचा फ्लाय-हाफ, म्हणजे चाल रचणारा, बॅरी जॉन याने न्यूझीलंडचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा, फर्गी मॅककॉर्मिक याला किक मारमारून इतकं पळवलं की त्याला पुन्हा देशाची जर्सी मिळाली नाही. बॅरी जॉनबद्दल खूप लिहिलं गेलंय, योग्यच आहे. पण फ्लाय-हाफला विचार करायला जे दोन सेकंद मिळतात ते पुढे स्क्रम टिकला तर मिळतात, आणि स्क्रम टिकवणारे दोघे आठवड्यापूर्वी राखीव होते. जेम्सचं मोठेपण मला इथे दिसतं. त्याने त्या दोघांना दौऱ्याच्या पहिल्या दिवसापासून कसोटीसाठीच तयार केलं होतं, कसोटीत घ्यायचं ठरलेलं नसताना. दुसरी कसोटी १२-२२ हरले, तिसरी १३-३ जिंकले, आणि ऑकलंडची चौथी १४-१४ सुटली. त्या सामन्यात फुलबॅक जेपीआर विल्यम्सने खूप लांबून ड्रॉप गोल मारला, म्हणजे चालू खेळात चेंडू टप्पा पाडून खांबांमधून लाथाडला. व्यवस्थापक डग स्मिथ यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: दोन जिंकू, एक हरू, एक बरोबरीत. न्यूझीलंडमध्ये लायन्सने जिंकलेली ती एकमेव मालिका, आजतागायत.

१९७४ चा दक्षिण आफ्रिका दौरा आकड्यांत त्याहून मोठा. विली जॉन मॅकब्राइडचा संघ २२ सामने खेळला, २१ जिंकला, एक बरोबरीत. प्रिटोरियाच्या कसोटीत २८-९, पोर्ट एलिझाबेथला २६-९. ‘९९’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: कर्णधाराने हाक दिली की प्रत्येकाने जवळच्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचं, कारण रेफरी पंधराच्या पंधरा जणांना बाहेर काढू शकत नाही. ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते, आणि प्रशिक्षक म्हणून मला ती आवडत नाही. त्या संघाने सामने स्क्रममध्ये जिंकले, मुठींनी नव्हे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा. तो दौरा व्हायलाच नको होता. वर्णभेदाचं राज्य चालू होतं, ब्रिटिश सरकारने दौऱ्याला विरोध केला होता, दूतावासाला संघाचं आदरातिथ्य न करण्याच्या सूचना होत्या. १९७१ च्या विजयात असलेला वेल्सचा जॉन टेलर याने तत्त्वासाठी जायला नकार दिला. प्रेक्षागृहात कृष्णवर्णीयांना वेगळं कोंडलं जाई आणि तिथून लायन्सच्या नावाने गजर होई, हे खरं आहे आणि दौऱ्याचे समर्थक ते नेहमी सांगतात. त्याच वर्षी भारताने डेव्हिस कपची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला. विजय आणि आनंद अमृतराजच्या पिढीला तो कप कधीच मिळाला नाही. ही किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याशेजारी ठेवून पाहिलं की १९७४ चे आकडे मला तितके चमकदार वाटत नाहीत. लायन्स १९८० मध्येही तिथे गेले. १९८६ चा दौरा मात्र रद्द झाला.

१९८० चा तो दौरा माझ्या सिद्धांताच्या विरोधातला पुरावा आहे, तोही सांगायला हवा. स्थानिक संघांविरुद्धचे सगळेच्या सगळे सामने बिल बोमाँटच्या संघाने जिंकले, आणि कसोटी मालिका १-३ गमावली. म्हणजे बुधवारी जिंकणं पुरेसं नाही. पण त्या दौऱ्यात दुखापतींची अशी रांग लागली की बदली खेळाडू मायदेशातून येतच राहिले. दौऱ्याच्या मध्यावर विमानातून उतरलेला माणूस राखीव नसतो, पाहुणा असतो. १९७७ आणि १९८३ बद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन्ही न्यूझीलंडमध्ये, दोन्ही पराभव, दुसरा तर ०-४.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली कसोटी वाईट हरल्यानंतर मधल्या वारचा संघ कॅनबेराला पिछाडीवरून ४१-२५ असा जिंकला. त्याचा कर्णधार आयर्लंडचा डोनल लेनिहन. प्रशिक्षक इयन मॅक्गीचनने कसोटीच्या खेळाडूंना त्या दिवशी बुधवारच्या मंडळींचं कौतुक करायला उभं केलं. पुढच्या दोन्ही कसोट्या लायन्सने जिंकल्या. चारच वर्षांनी न्यूझीलंडमध्ये तोच मॅक्गीचन, पण बुधवारचा संघ मनाने घरी पोचलेला. हॉक्स बेकडून हरले, वायकाटोकडून १०-३८ असे हरले, आणि १-१ असलेली मालिका शेवटच्या कसोटीत गेली.

मॅक्गीचन हे विसरला नाही. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने सुरुवातीलाच खेळाडूंकडून वागण्याचे नियम लिहून घेतले. खोल्या देताना एका देशाचे दोघे एकत्र ठेवले नाहीत. रग्बी नुकतंच व्यावसायिक झालं होतं, दक्षिण आफ्रिका विश्वविजेती होती, आणि लायन्सना तिथल्या वर्तमानपत्रांनी आधीच पुरून टाकलं होतं. फॉरवर्डचा प्रशिक्षक जिम टेल्फर सरावात अमानुष होता. त्याने भल्यामोठ्या इंग्लिश प्रॉपना बाजूला ठेवून टॉम स्मिथ आणि पॉल वॉलेस हे दोन बुटके, खाली घुसणारे प्रॉप निवडले. वॉलेस तर मूळ संघातही नव्हता, दुसऱ्याच्या दुखापतीमुळे आला होता. पहिल्या पसंतीचा स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा, रॉब हाउली कसोटीच्या आधी खांदा निखळून परतला. त्याच्या जागी आलेल्या मॅट डॉसनने केपटाउनला पास देण्याची हूल देऊन ट्राय केली आणि सामना फिरवला, २५-१६. तिथून ब्लूमफॉन्टेनला गेलेला बुधवारचा संघ फ्री स्टेटविरुद्ध ५२-३० जिंकला. ज्यांना कसोटीत स्थान नव्हतं त्यांनी पन्नासवर गुण केले! डर्बनची दुसरी कसोटी, आणि मालिका, त्या शनिवारी लायन्सने घेतली.

उलट उदाहरणंही तितकीच स्पष्ट आहेत. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रॅहम हेन्री हा मूळचा न्यूझीलंडचा माणूस लायन्सचा प्रशिक्षक होता, पहिला परदेशी. पहिली कसोटी २९-१३ जिंकली, पण त्याच दिवशी ब्रिटनच्या एका वर्तमानपत्रात मॅट डॉसनची नाराज डायरी छापून आली. होय, १९९७ चा तोच डॉसन. मालिका १-२ गेली. २००५ मध्ये प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्डने तर न्यूझीलंडला वऱ्हाडच नेलं: ४४ खेळाडू, प्रशिक्षकांची दुहेरी फळी आणि टोनी ब्लेअर यांचे माजी प्रसिद्धिप्रमुख ॲलिस्टर कॅम्पबेल. कसोटीचा आणि मधल्या वारचा असे दोन संघ, दोन प्रशिक्षक मंडळं. मधल्या वारचा संघ मॅक्गीचनकडे होता आणि तो एकही सामना हरला नाही. पण त्यातून वर जायची वाटच बुजवली होती. कर्णधार ब्रायन ओ’ड्रिस्कॉल पहिल्या कसोटीच्या सुरुवातीलाच दोघांनी उचलून आपटल्यामुळे दौऱ्याबाहेर गेला, हे दुर्दैव आणि अन्यायही. पण ०-३ हा निकाल त्या एका टॅकलचा नव्हता. दुसऱ्या कसोटीत न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने एकट्याने ३३ गुण केले.

२०१३ ची मालिका ऑस्ट्रेलियात २-१ जिंकली. सिडनीच्या निर्णायक सामन्यात ओ’ड्रिस्कॉलला वगळल्याबद्दल प्रशिक्षक वॉरन गॅटलंडला आयर्लंडने शिव्या घातल्या. सामना लायन्सने ४१-१६ जिंकला आणि पहिली ट्राय दुसऱ्याच मिनिटाला केली ॲलेक्स कोर्बिसिएरोने. तो मागाहून बोलावलेला बदली प्रॉप होता. २०१७ मध्ये त्याच गॅटलंडने न्यूझीलंडमध्ये जवळपास असलेले सहा खेळाडू केवळ जवळ आहेत म्हणून बोलावले आणि मैदानावर जवळपास उतरवलेच नाहीत. कसोटीवाल्यांना विश्रांती मिळावी हा हेतू समजण्यासारखा होता, पण जर्सीची किंमत उतरली. मालिका तरी १-१ सुटली, शेवटचा सामना १५-१५.

२०२१ विषयी थोडक्यात: कोविड, रिकामं मैदान, तिन्ही कसोट्या केपटाउनमध्ये, आणि दक्षिण आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरास्मस यांनी पंचांवर बनवलेली तासाभराची चित्रफीत. तिसरी कसोटी दक्षिण आफ्रिकेने मॉर्न स्टाइनच्या पेनल्टीने १९-१६ घेतली, आणि मालिकाही. बारा वर्षांपूर्वी, २००९ मध्ये प्रिटोरियाला त्यानेच शेवटच्या किकवर मालिका नेली होती. २०२५ मध्ये प्रशिक्षक अँडी फॅरलचा संघ, कर्णधार मारो इटोजे, ऑस्ट्रेलियात २-१ जिंकला. मेलबर्नला नव्वद हजारांवर लोकांसमोर ह्यूगो कीननने अगदी शेवटी ट्राय करून २९-२६.

आता मूळ प्रश्नाकडे. हा संघ खरा की जमवलेला? निघताना जमवलेलाच असतो. पूर्वी तो खरा व्हायला वेळ मिळे. १९७१ मध्ये २६ सामने होते, १९९७ मध्ये १३, २०२५ मध्ये डब्लिनची अर्जेंटिनाविरुद्धची लढत धरून दहा. क्लबांचा हंगाम लांबतो आणि खेळाडू अंतिम सामन्यातून थेट विमानात बसतात. शिवाय यजमान देशही कसोटीसाठी आपले खेळाडू राखून स्थानिक संघ दुबळे करतात. यजमान युनियनना बारा वर्षांतून एकदा येणारा हा दौरा म्हणजे मोठी कमाई, त्यामुळे कसोट्या कमी होणार नाहीत. कापले जातील ते मधल्या वारचे सामनेच. दोन सामने आणखी गेले, तर तुमच्या ‘जमवलेले तारे’ या शंकेवर मला बोलायला काही उरणार नाही. २०२७ मध्ये महिलांचा लायन्स संघ पहिल्यांदाच दौऱ्यावर, न्यूझीलंडला जाणार आहे. त्याच्या कार्यक्रमातही मी आधी स्थानिक संघांविरुद्धचे सामने किती आहेत ते पाहीन.

एकच सामना पाहायचा असेल तर १९९७ ची डर्बन कसोटी पाहा. दक्षिण आफ्रिकेने तीन ट्राय केल्या, लायन्सने एकही नाही. वेल्सच्या नील जेन्किन्सने पाच पेनल्टी मारून १५-१५ केले. मग शेवटच्या मिनिटांत आयर्लंडच्या कीथ वूडने चेंडू डाव्या बाजूने पुढे लाथाडला, लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकला जातो तेव्हा, आयर्लंडच्याच जेरेमी डेव्हिडसनने तो मिळवला, स्कॉटलंडचा ग्रेगर टाउनसेंड रेषेच्या अलीकडे अडवला गेला, आणि इंग्लंडच्या डॉसनने मागे उभ्या इंग्लंडच्याच जेरेमी गस्कॉटकडे पास दिला. गस्कॉट फ्लाय-हाफ नव्हे, सेंटर. ड्रॉप गोल मारणं त्याचं कामच नव्हतं. टाउनसेंड खाली दबलेला होता म्हणून ते त्याच्याकडे आलं. १८-१५.